विहिरीच्या पाण्याची कॅन

अकोल्यातल्या वकिलाच्या ऑफिसात माशांच्या काचेच्या टाकीचा निळा उजेड भिंतीवर हलत होता. नंबराची वाट पाहता पाहता प्रणालीचे डोळे जड झाले होते. शेजारच्या खुर्चीवरच्या मनकर्णाबाईंच्या बोलण्यानं ते उघडले. टाकी साफ करायला आलेल्या गोपालपुढे त्यांनी एक कॅन ठेवली होती.

“घे, बापू. मांगच्या तारखेले तू गोड्या पान्यात मीठ कालवून राहिला होता. म्हनलं, कायले? आमच्या विहिरीचं आयतंच खारं हाय.”

“हे वझं गावावरून आनलं, काकू?”

“यष्टीत, मांडीवर ठेवून.”

“पन हे समुद्राचं खारं नाही नं. समुद्राच्या मिठाची तऱ्हाच अलग रायते. ह्या पान्यात मासोळ्या मरतीन.”

“सांजेपरेंत बी नाही टिकनार?”

“नाही.”

“आन् थे फुलावानी डुलून राहिलं, थे?”

“पोवळं हाय, जिवंत. थे तं सगळ्यात पह्यले मरन.”

मनकर्णाबाईंनी काचेवर बोट ठेवलं. केशरी मासा जवळ आला. बोट सरकलं, तसा तोही सरकला.

“मले तं माह्या बाबानं त्याच पान्याच्या गावात देल्लं, रे,” त्या माशाला म्हणाल्या.