योर्बिसला सुई कुणी टोचली

नाही, परत वाचून नका दाखवू, कळलं मला. तिसरी शिकलेय म्हणून काय कान नाहीत का मला? ‘मी मिल्केया, राहणार सान पेद्रो, मी माझ्या मनानेच बेसबॉलपटू योर्बिसला जीवनसत्त्वाची म्हणून इंजेक्शनं दिली, त्यांत काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं’ — हेच ना? छान लिहिलंय हो. तुम्ही लिहिलंत, का राजधानीतल्या तुमच्या मोठ्या साहेबांनी? बसा. कॉफी घ्या, गार होतेय. सहीचं नंतर बघू. वकीलसाहेब, मला आधी एक सांगा, ‘अडाणी बाई’ म्हण असं त्याला कुणी शिकवलं? का त्याचं त्यालाच सुचलं? डोळे पुसत टीव्हीवर सांगत होता — लघवीत सापडलं ते कसं आलं मला माहीत नाही, गावातल्या एका अडाणी बाईवर विश्वास टाकला मी! अख्खी गल्ली रेमोनच्या दुकानात उभी होती बघत. आणि सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे. वळणारच की! या वस्तीत सुई टोचणारी बाई एकच. आधी माझी आई, मग मी — एकवीस वर्षं झाली, कुणाच्या ढुंगणावर साधी गाठ नाही आली माझ्या हातची! आणि आता? दुपार झाली, दाराकडे बघा, आहे कोणी? समोरची फेलिसिया ताप आलेल्या सासूला मोटारसायकलवर मध्ये बसवून शहरातल्या दवाखान्यात नेते, पण माझा उंबरा चढत नाही.

आणि याच्यासाठी मी भांडत होते हो! रेमोनच्या ओट्यावर ते म्हातारे डॉमिनो खेळत बसतात ना, त्यांचा रोजचा वाद — जुन्या काळचा अनाक्लेतो मोठा का योर्बिस मोठा. म्हणायचे, अनाक्लेतो साखर कारखान्यात पोती उचलून घडला, उकडलेली केळी आणि खारा मासा खाऊन चेंडू भिंतीपलीकडे घालवायचा, आताच्यांचं काय, सगळं बळ बाटलीतलं. मी कमरेवर हात ठेवून उभी — अरे, तुमच्या अनाक्लेतोला आताचा चेंडू दिसला तरी असता का? ताशी शंभर मैलांनी येतो तो! रेमोन म्हणायचा, “मिल्केया, तुझ्या योर्बिसला गेल्या वर्षी मान होती गं, यंदा एवढा फुगलाय की नुसतंच डोकं ठेवलंय खांद्यावर.” खिदळायचे सगळे. मी शिव्या घातल्या त्याला. माझ्या हातची मान ती — म्हणजे जेवणाची म्हणतेय मी. त्याची आई दिवसभर कपड्याच्या फॅक्टरीत, लहानपणापासून माझ्याच चुलीपाशी जेवला ना तो.

असं काय बघताय?

बरं. टोचली. मीच टोचली, नाही कुठे म्हणतेय? पण औषध त्याचं, त्याच्या पिशवीतून काढलेलं. काय होतं ते मला — अहो, अक्षर नाही लागलं तरी घोडा कळतो की माणसाला! बाटलीवर घोड्याचं चित्र होतं. मी म्हटलं, मेल्या, हे जनावराचं आहे. तर हसला. “मावशी, घोडे जोरात पळतात ना? मग!” आणि केली पँट खाली. तिकडचा, अमेरिकेतला हंगाम संपला की इकडे यायचा ना, तेव्हा दर मंगळवारी, दर शुक्रवारी. कळून टोचली मी. म्हणाला, यंदा संघाने ठेवलं नाही तर संपलो मी, मावशी. काय करणार होते? तुम्ही काय केलं असतंत?

आणि ते म्हातारे छाती फुगवून अनाक्लेतो अनाक्लेतो करतात — तोही देव नव्हता. हे लिहू नका हं. मैदानाला नाव आहे त्याचं, लिहू नका. माझी आई त्याच्या खांद्यात सुई घालायची, मी काचेची सिरिंज उकळलेलं भांडं धरून उभी, आठ वर्षांची. काय होतं आत? कोण विचारतंय! कारखान्याच्या दवाखान्यातून कुणाकडून तरी आणायचा, टोचलं की डोळे चकाकायचे त्याचे. मग एकदा खांदा पिकला. पू झाला, कारखान्याच्या संघाचा अर्धा हंगाम बुडाला, आणि कारखान्याचा मॅनेजर पोलीस घेऊन आला आईला न्यायला. तर अनाक्लेतो, तो एवढा सुजलेला हात घेऊन, या दारात आडवा उभा राहिला. म्हणाला — खांदा माझा, औषध मी आणलं, टोच म्हणून मी सांगितलं, हिला कोणी हात लावायचा नाही. परत गेले सगळे. आई मरेपर्यंत लोक येत होते तिच्याकडे. होमरन कुणाचे जास्त, बाटलीत कुणाच्या काय, ते तुम्ही लोक मोजत बसा. मला तर एवढंच दिसतं — तो आडवा उभा राहिला आणि याने बोट दाखवलं.

काय म्हणालात? पक्कं छप्पर घालून देणार? म्हणजे माझा गळका पत्रा आठवतोय त्याला! टीव्हीवर मावशी म्हणायला तेवढी जीभ वळली नाही. हे बघा, सही करते मी. मी टोचली, मी घोडा बघितला, सगळं लिहा, खाली नाव घालते. फक्त ‘त्याला ठाऊक नव्हतं’ एवढं खोडा. नाही खोडता येत? मग पाठवा त्याला. इथे येऊन, माझ्या तोंडावर म्हणू दे — मावशी, मला ठाऊक नव्हतं. एवढं म्हटलं ना, की अख्ख्या कागदावर करते सही. नाही येणार? कामात आहे? कसल्या कामात, बंदी आहे ना त्याच्यावर!

आणि सारखं बाहेर काय बघताय तुम्ही? मघापासून बघतेय मी. काय आहे त्या कोपऱ्यावर? मोटार आहे. तुमचीच ना? काचा काळ्या, इंजिन चालू, आणि मागे कोण बसलंय?

कोण बसलंय, साहेब?

इतका वेळ?

नाही. नका बोलावू. त्याचं त्याला उतरता आलं नाही ना — दहा पावलं आहेत. नको आता. उठा. कागद घ्या तो. जा.