गॉगल धुऊनपुसून विकायला काढला

चहा घ्या, पण हसू नका. भावानं दुबईहून आणलेला माझा जुना गॉगल बघून पुतण्याचा पुण्याचा दोस्त म्हणला, "काका, कंपनीनं हा बनवायचा बंद केलाय. आता कुठंच मिळत नाही, म्हणून शौकीन लोक मागाल ते देतात. रविवारी न्यायला येतो."

"घालून फिरतात का?"

"छे, कपाटात ठेवतात."

असली येडी माणसं. पण बायकोला उन्हाळ्याआधी कूलर पायजे होता. बाजारात बैल नेताना आपण शिंगं घासून रंगवतो, मग गॉगल तसाच कसा द्यायचा? औरंगपुऱ्यात चष्मेवाल्याकडं नेला, चरे पडलेल्या काचा बदलल्या, दांडीवरचं कंपनीचं पुसट नाव घासून दांडी लख्ख केली.

रविवारी त्यानं गॉगल हातात घेतला अन् दांडी उलटीपालटी करून बघितली. "काका, जुन्या काचा कुठंयत?"

"फेकल्या. नवा करून दिलाय तुला."

"नवे दुकानात ढिगानं मिळतात, काका," म्हणला अन् रिकाम्या हातानं गेला.

कूलर काय आला नाय. तवापासून मी घरातबी तोच गॉगल घालून बसतो. बायकोकडं उघड्या डोळ्यांनी बघायची सोय राहिली नाय.