नव्या फरशीवरचं ऑइल

(रविवारची सकाळ. बंगल्याच्या पोर्चमध्ये भाची नुकतीच गाडी लावून उतरली आहे. मामा फाटक लावून येतात.)

मामा : तसं नाही गं, आत लावायला माझी ना नाही. मी आपलं एवढंच म्हणतोय, बाहेर झाडाखाली लावलीस तर गाडीला सावलीही मिळेल.

भाची : पोर्चमध्येही सावलीच आहे की, मामा. बाहेर लावायला मी काय बाहेरची आहे?

मामा : छे, छे. बाहेरची कशी असशील?

भाची : मग राहू दे इथेच. घरातली गाडी घरात राहू दे, असं तुम्हीच म्हणाला होता ना, मला विकताना?

मामा : हो, म्हणालो होतो. बस, बस, ती खुर्ची ओढ. अगं ऐकलंस का, भाची आलीये.

मामी : दिसतंय मला खिडकीतून. चहा टाकलाय.

मामा : हल्ली दर रविवारी येतेस. बरं वाटतं. आधी कधी फिरकायची नाहीस.

भाची : आधी गाडी कुठे होती? गाडी तुमच्यामुळे आली, मग पहिलं तुमच्याकडेच यायला नको?

मामा : हं. हे बघ, मनात आहे ते बोलून टाकतो, राग मानू नकोस. तुझी गाडी खाली ऑइल टाकते.

भाची : टाकते?

मामा : हे काय, ताजं पडलंय. आणि हा मागच्या वेळचा डाग, हा त्याच्या आधीचा. ही फरशी दिसायला सुंदर, पण तेल पिते. एकदा मुरलं की निघत नाही.

भाची : अगं बाई, खरंच. पांढऱ्यावर फारच उठून दिसतं, नाही?

मामा : म्हणून म्हटलं, एकदा मिस्त्रीला दाखवून घे.

भाची : काय झालं असेल हो? तुम्ही इतकी वर्षं वापरलीत. तुम्हाला काय वाटतं?

मामा : मला काय कळतंय त्यातलं? जुनी गाडी आहे. कुठेतरी नट ढिला झाला असेल.

भाची : नट.

मामा : नाहीतर फिल्टर. किरकोळ काम असतं.

भाची : आमच्या मिस्त्रीला नाही वाटलं किरकोळ. इंजिनच्या खाली ऑइलचं चेंबर असतं ना, त्याचं पॅकिंग गेलंय म्हणाला. वस्तू म्हणाल तर एवढीशी, पट्टीसारखी. पण तिथवर पोचायला इंजिन वर टांगायचं आणि खालचा सगळा सांगाडा उतरवायचा. मजुरीचा आकडा ऐकून मी तिथेच टायरवर बसले.

मामा : हे लोक फुगवून सांगतात. समोर बाई दिसली की जास्तच.

भाची : मलाही तसंच वाटलं. म्हणून मग तुमच्या मिस्त्रीकडे गेले.

मामा : माझ्या?

भाची : पुलाखालचा. तुम्ही ज्याच्याकडे गाडी न्यायचात तो. गाडी बघूनच ओळखली त्याने. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, चेंबरचं पॅकिंग ना?

मामी : घे चहा. साखर बघ, कमी असेल तर सांग. काय म्हणाला मिस्त्री?

मामा : काही नाही गं, गाडीचं चाललंय. तू आत हो, तुला त्यातलं कळायचं नाही.

मामी : कळेल तेवढं कळेल. बोल तू.

भाची : म्हणाला, साहेबांना मी तेव्हाच सांगितलं होतं. गाडी दगडावर आपटून चेंबर वाकलंय, पॅकिंग फाटलंय, करून घ्या, नाहीतर रस्त्यात दगा देईल. साहेब म्हणाले, एवढा खर्च आता कशाला, वरून सीलंट लिंप आणि इंजिन स्वच्छ धुऊन दे. विकायचीच आहे.

मामी : कुणाला विकायचीय, ते सांगितलं होतं का त्याला?

भाची : नाही. मी कोण ते कळल्यावर हातातला पाना खाली ठेवला त्याने. मग माझ्याकडे बघेचना.

मामा : हे बघ, सीलंट लावणं हीसुद्धा दुरुस्तीच असते. टिकली असती वर्षभर. आणि खरं सांगू का, जुनी गाडी घेताना घेणाऱ्याने बघून घ्यायची असते. शेवटी व्यवहार आहे तो. नात्यात असला तरी व्यवहारच.

भाची : बरोबर आहे. मी माणूस घेऊनच येणार होते. आईने अडवलं. म्हणाली, माझ्या भावाची गाडी तपासायला मिस्त्री नेतेस? मी मग त्याला तोंड कसं दाखवू?

मामा : ताईचा स्वभावच तसा. बरी आहे ना आता?

भाची : एका डोळ्याने बरी आहे.

मामा : हं.

मामी : रफूचं काम घेतात का वन्सं?

भाची : सुई ओवता येत नाही, मामी. दोरा सुईच्या शेजारून जातो. लोक अजून येतात शाली घेऊन, कोट घेऊन. तिने रफू केला की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडायचं नाही. मागे एक जण कोट घेऊन आला. आईने घडी उलगडून हात फिरवला, पुन्हा घडी घातली आणि परत दिला. त्या संध्याकाळी दिवासुद्धा लावला नाही तिने.

मामा : डोळ्याच्या पडद्याचा आजारच वाईट. नशिबात असतं एकेकाच्या. त्याला कोण काय करणार?

भाची : डॉक्टर तसं नव्हते म्हणाले. म्हणाले, पडदा सुटायला लागलाय, आजच्या आज आणा, नजर वाचेल. आम्ही लगेच निघालोही होतो. बायपासवर ऑइलचा लाल दिवा लागला. मी म्हटलं, इंजिन गेलं तर गेलं, हाणते तशीच. आईने माझा हात धरला. म्हणाली, भावाने प्रेमाने दिलीये, जाळू नकोस. तेवढ्यात गाडी स्वतःच बंद पडली. खाली वाकून बघितलं तर सगळं ऑइल रस्त्यावर.

मामी : अरे देवा.

भाची : ना झाड, ना दुकान. हात दाखवला तर एक गाडी थांबेना. आई डोळा झाकून बसून होती आणि मलाच धीर देत होती. शेवटी विटांच्या टेम्पोतून नेलं तिला. प्रत्येक खड्ड्यात मी तिचं डोकं धरून. पोचलो तेव्हा ऑपरेशनवाले डॉक्टर निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी केलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मामा : वाईट झालं. मी बाहेरगावी होतो, नाहीतर धावत आलो नसतो का?

मामी : कधी?

मामा : तेव्हाच, ताईला नेत होते तेव्हा. हिने फोन केला होता मला रस्त्यावरून.

मामी : त्या दिवशी ही फरशी बसवत होते.

मामा : दुसऱ्या दिवशी असेल.

मामी : त्याच दिवशी. तुम्ही या पायरीवर खुर्ची टाकून बसला होता, सांधे सरळ येतात का बघत. फोन आला तसे उठून मागे गेलात. मी विचारलं कोणाचा, तर म्हणालात, फरशीच्या दुकानाचा. आपली नवी गाडी फाटकाबाहेरच उभी होती.

भाची : हे मला माहीत नव्हतं, मामा.

मामा : तू कशाला मध्ये बोलतेस गं? गप्प बसवत नाही का तुला?

मामी : आजवर बसलेच की.

भाची : म्हणजे तुम्ही घरी होता.

मामा : घाबरलो मी. लाल दिवा म्हणालीस तू, आणि काय झालं असणार ते माझ्या लक्षात आलं. आलो असतो तर मिस्त्रीला बोलवावं लागलं असतं, मग सगळं निघालं असतं. वाटलं, मिळेल काहीतरी वाहन तुम्हाला. डोळ्याचं इतकं असेल, हे मला काय माहीत?

भाची : फोनवर पहिलं वाक्य तेच होतं माझं. आईचा डोळा जाईल, लवकर या.

मामा : बरं, मान्य. झालं ते झालं. काय हवंय तुला? दुरुस्तीचा सगळा खर्च मी देतो. उद्याच गाडी गॅरेजला टाक.

भाची : झालीये दुरुस्त.

मामा : काय?

भाची : केव्हाच. तुमच्या मिस्त्रीनेच केली. चेंबर नवं, पॅकिंग नवं. आता थेंबसुद्धा गळत नाही.

मामा : मग हे काय आहे?

भाची : हे जळकं ऑइल. त्याच्या गॅरेजमधून बाटलीत भरून आणते. सीटखाली असते. तुम्ही फाटक लावायला पाठ फिरवता ना, तेवढ्यात ओतते.

मामा : म्हणजे मुद्दाम?

भाची : मुद्दाम. माझ्याकडून घेतलेल्या पैशांतून ही फरशी आली, हे मामीनेच कौतुकाने सांगितलं होतं एकदा. म्हटलं, त्या गाडीचं ऑइल हिलाही मिळू दे.

मामा : लाज नाही वाटली?

भाची : मजा वाटली. खोटं कशाला बोलू? आठवडाभर वाट बघायचे मी रविवारची. तुमची नजर डागाकडे जायची, तोंडापर्यंत शब्द यायचा, आणि तुम्ही मला म्हणायचात, बिस्कीट घे. कारण विचारलंत तर मी कारण सांगणार, आणि कारण तुम्हालाच सगळ्यात चांगलं ठाऊक. घशात अडकलेलं दिसायचं मला. दोन-दोन बिस्किटं जास्त खायचे मी.

मामा : हेच शिकवलं का ताईने तुला?

भाची : आईने शिकवलेलं वापरलं असतं तर बाटली आणली नसती. हे मी तुमच्याकडून घेतलंय.

मामी : हे डाग कोण घासतं, ठाऊक आहे तुला?

भाची : कामाला बाई आहे ना?

मामी : ती गेली सोडून. यांना डाग खपत नाही. तू गेलीस की मी रॉकेल आणि ब्रश घेऊन बसते खाली. सोमवारी गुडघे सरळ होत नाहीत माझे.

भाची : मामी, मला खरंच नव्हतं माहीत. तुझ्यावर नव्हता गं राग माझा.

मामी : तेही कळलं. तरी सांगितलं. कोणाच्या वाट्याला जातंय ते बघायचं होतंस.

भाची : चुकलं माझं. तुझ्यापुरतं चुकलं.

मामी : यांच्यापुरतं नाही?

भाची : नाही.

मामी : बरं. कुठेय ती बाटली?

भाची : ड्रायव्हरच्या सीटखाली. का?

मामा : अगं, काय काढतेस? ठेव ती. हे बघ, ऐक माझं, झाकण लाव. अगं, सगळी ओतलीस. ती कोपऱ्यातली फरशी तरी चांगली होती.

मामी : आता सगळी सारखी झाली. आणि मी काही पुसणार नाहीये. चपला घाला तुम्ही.

मामा : कुठे जायचंय?

मामी : वन्संकडे. पुढे बसा, मी मागे बसते.

मामा : थांब जरा. तू ताईला सांगितलंयस का हे?

भाची : नाही. तिला वाटतं, ऑइल बघायचं मीच विसरले. बोलत नाही कधी. एकदाच म्हणाली, माझ्या भावाकडे होती तोवर कधी बंद नव्हती पडली गाडी. मी ऐकून घेतलं. मी सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, आपलं खापर मामावर फोडतेय. तुमचा शब्द मात्र ती ऐकते. तुम्ही सांगायचंय तिला. पॅकिंगचं, सीलंटचं, आणि त्या दिवशी कुठे होता तेही.

मामा : आज नको गं. मला थोडा वेळ दे. पुढच्या आठवड्यात मी स्वतः येतो, एकटा. ताईचा राग तुला माहीत नाही. ती एकदा चिडली की—

भाची : चिडली असती तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते, मामा. ती चिडणार नाही. सगळं शेवटपर्यंत ऐकून घेईल, आणि म्हणेल, उन्हातून आलास, आधी जेवून घे. त्याच्यासाठीच नेतेय तुम्हाला.