हरवलेल्या भागाचा डबा

सुरतेतल्या एका कुरियर कचेरीच्या रांगेत विश्वासराव उभे होते. पुढे एक प्रौढ जोडपे होते आणि नवऱ्याने फिल्मचा गंजका डबा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता. संभाषण कानांवर पडू नये म्हणून विश्वासरावांनी भिंतीवरची सूचना पुन्हा वाचायला घेतली. पण कान काही वाचत नव्हते.

"अहो, इंग्रजांची टीव्हीवरची विज्ञानकथा-मालिका इथे सुरतेत, पांडेसऱ्याच्या भंगारात कशी येईल?"

"लंडनच्या टीव्हीवाल्यांनी स्वतःच्या प्रती पुसून टाकल्या. परदेशी गेलेल्या तेवढ्या उरल्या. एका देशात दाखवून झाली, की प्रत पुढच्या देशाला धाडायची रीत होती."

"म्हणजे आहेराची साडी! घडी न मोडता या घरून त्या घरी."

"इतक्या व्याख्यानांत मला हे इतके नेमके सांगता आले नाही."

"ठाऊक आहे. श्रोत्यांत मी एकटीच असते."

"काका, खोलीने बताववुं पडशे," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"उघडून दाखवायचा? बेन, हा डबा मीसुद्धा कधी उघडलेला नाही."

"अगंबाई! मग आत तोच हरवलेला भाग आहे कशावरून?"

"झाकणावर तशी चिठ्ठी आहे."

"आणि कुणाच्या लग्नाची फिल्म निघाली तर?"

"तर सुरतेतला एकमेव तज्ज्ञ आजच निवृत्त होईल. झाकण बंद आहे तोवरच माझी विद्वत्ता शाबूत आहे."

"काका, लाइन लांबी छे."

"चल, घरी जाऊ."

"लंडनचे लोक डोळे लावून बसलेत. त्यांना काय कळवणार?"

"कळवीन, की भारतातले प्रक्षेपण अद्याप संपलेले नाही."