व्हिलनचं घर

साताऱ्याच्या स्टँडवर वाईच्या गाडीची वाट बघताना अबोलीच्या मागं दोन म्हातारे बोलत होते. हातातलं मासिक वाचायचं तिनं केव्हाच सोडलं होतं.

"जोतिबा, पोराचं लगीन जमलं का रं?"

"मोडलं. पोरीकडची मानसं घर बघाय आली आनि दारातच थबकली."

"का?"

"सिनेमावाल्यांना शूटिंगला घर दिलं हुतं न्हवं? त्यातला व्हिलन पाटील आमच्याच वसरीवर बसून पोरी पळवाय मानसं धाडतोय. केबलवर सारखं दावत्यात."

"आरं, पर तू तर माळकरी गडी!"

"व्हय. पोरीची आई म्हनली, त्यो बी आदी माळच जपत हुता."

"मग च्या न पिताच गेली?"

"छ्या! व्हिलनचा झोपाळा म्हनून आमच्या झोपाळ्यावर आळीपाळीनं बसली, फोटू काढलं, मगच गेली."