दोन मॉनिटरवरचं कुटुंब

...पायच नाहीत हो! हसताय काय? आख्खं आयुष्य ज्या माणसानं ग्राउंडवर पोरांना "पाय जुळव, पाय जुळव" करत घालवलं, त्या पीटीच्या सरांना फोटोत पायच नाहीत! कमरेपर्यंत मी, मग मॉनिटरची काळी कड, आणि त्याखाली डायरेक्ट टेबल. बरं, वरून तरी बरा दिसावा, तर डोकं घमेल्याएवढं! आणि शेजारच्या मॉनिटरवर आमची ही, ललिता, वीतभर उंचीची, पण पायांसकट, चपलांसकट, साडीच्या फॉलसकट! फोटो एकच, दिवस एकच, ऊन एकच, आणि मी राक्षस नि ती बाहुली. तुम्हाला सांगतो, सगळं करून बघितलं, पण ओळ काही जुळेना.

आता तुम्ही विचाराल, सर, तुम्हाला दोन मॉनिटर हवेत कशाला? मला कुठे हवे होते! जुना आमच्या किशोरच्या डिप्लोमाच्या वेळचा, मागे ही एवढी ढेरी सुटलेला. मग किशोरला हैदराबादला नोकरी लागली आणि साहेब घरी येताना नवा चपटा मॉनिटर घेऊन आले, चांगला लांबरुंद. जुना भंगारात द्यायला निघाला. मी म्हटलं, का रे, चालतोय ना? चालणाऱ्याला कुणी घराबाहेर काढतं का? त्यानं कपाळाला हात लावला, कॉम्प्युटरच्या पोटात कसलंसं कार्ड बसवलं आणि दोन्ही एकदम चालू करून दिले. म्हणे, "पप्पा, एकावर शाळेचं काम करा, एकावर आम्हाला बघा." आणि गेला. आणि जाताना आईला घेऊन गेला!

म्हणजे सुनेच्या बाळंतपणाला. तृप्तीला आई नाही, पोरगी एकटी, मीच म्हटलं जा, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. थोडे दिवस! बाळ झालं, बारसं झालं, बाळ पालथं पडलं, बाळ बसलं, बाळ आता भिंतीला धरून उभं राहतंय, आणि मी इथं सिडकोत खिचडीचं करपलेलं पातेलं घासत उभा आहे! माझी नोकरी अजून शिल्लक, रजा टाकून टाकून किती टाकणार? बारशाला जाऊन आलो, चार दिवस बाळाला खेळवलं, परत आलो, कुलूप काढलं... बंद घराला एक वास असतो बघा. तो आता आमच्या घराला रोज येतो. मी रोज राहतो तरी येतो!

तर तो फोटो. ललिता जायच्या आधी आम्ही बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मी लेण्यांवर गेलो होतो, चौघंही. पायथ्याशी एका भल्या माणसाच्या हातात कॅमेरा दिला, आणि मी सवयीप्रमाणे सगळ्यांना उंचीनुसार उभं केलं. किशोर, मग तृप्ती, मग ललिता. ही कुरकुरली, "अहो, घरच्या फोटोत कसली आलीय उंची?" मी म्हटलं, ओळ म्हणजे ओळ. आणि मी स्वतः? मी ओळीच्या टोकाला, एक हात अंतर सोडून. का म्हणजे? ऑर्डर देणारा माणूस ओळीत उभा राहतो का कधी? झेंडावंदनाला बघा, संचलनाला बघा, पीटीचे सर नेहमी एक हात बाजूला! त्या भल्या माणसानंही सांगितलं, जरा जवळ सरका. मी काय सरकतोय.

एका संध्याकाळी घर अगदी खायला उठलं, टीव्ही बंद केला, आणि मनात आलं, हा फोटो दोन्ही मॉनिटरवर मिळून लावू. या टोकापासून त्या टोकापर्यंत! टेबलाशी बसलं की सगळं घर समोर. लावला. तर काय, दोन्हीकडे आख्खा आख्खा फोटो! इकडे एक कुटुंब, तिकडे एक कुटुंब, इकडचे सगळे आडवे सुटलेले, तिकडचे उभे वाळलेले. दोन दोन ललिता! अहो, एक नांदायला यायला तयार नाही, दोघींचं काय करू?

लावला किशोरला फोन. तो ऑफिसात, हळू आवाजात, "पप्पा, स्ट्रेच नका करू, टाइल करा, म्हणजे पसरेल." केलं टाइल. पसरला! बरोबर पसरला! नव्यावर ते तिघं, जुन्यावर मी, आणि दोन मॉनिटरच्या कडा नेमक्या कुठे आल्या, तर ते एक हात अंतर होतं ना, त्याच्यात! आणि माझे पाय गायब. पुन्हा फोन. "पप्पा, रिझोल्यूशन वेगळं आहे. नव्यावर ठिपके जास्त बसतात, जुन्यावर कमी. म्हणून तुम्ही मोठे दिसता आणि मावत नाही." म्हटलं, मग मला वर सरकव. त्यानं सांगितल्याप्रमाणे सेटिंगमध्ये जाऊन तो दोन नंबरचा चौकोन, म्हणजे हा जुना मॉनिटर, माउसनं खाली ओढला. पाय आले! बूट आले, बुटाची लेस आली... आणि डोकं गेलं! सांगा आता, पाय ठेवू का डोकं? मग मी आपला देशी उपाय केला, जुन्या मॉनिटरखाली जेवायचा पाट सरकवला. ललिताचाच पाट, रिकामाच होता. मॉनिटर वर गेला, मी मात्र तेवढाच राहिलो. ओळ काही जुळेना!

शेजारच्या सुलाबाई वाटीत भाजी घेऊन आल्या. त्यांनी मान तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली, आणि म्हणाल्या, सर, तुम्ही वेगळे का उभे? म्हटलं, बाई, ते रिझोल्यूशन आहे. त्या म्हणाल्या, हो का, आणि वाटी ठेवून गेल्या. मला उगाचच राग आला हो. भाजी चांगली होती, तरी राग आला.

मग किशोरला शेवटचं विचारलं, की बाबा, या जुन्याला ठिपक्यांत वर चढवता येत नाही का, नव्याच्या बरोबरीला? तो म्हणाला, करून बघा. केलं. तर मॉनिटर असा थरथरायला लागला की माझाच बीपी बघावासा वाटला. किशोर म्हणाला, "पप्पा, जुना वर जाणार नाही. त्याची तेवढीच ताकद. जुळवायचंच असेल तर नव्याला खाली आणावं लागेल, पण कशाला? सगळे धुरकट होतील." होऊ देत म्हटलं! एका घरातली माणसं, एकासाठी खाली आली तर काय बिघडलं?

आणि तुम्हाला सांगतो, आणलं! नव्या मॉनिटरला जुन्याच्या मापावर आणलं, फोटो त्या मापाचा करून घेतला, लावला, आणि खुर्ची मागे सरकवून बघितलं तर... जुळली! डोक्याला डोकं, खांद्याला खांदा, सगळ्यांचे पाय एका जमिनीवर! ते तिघं थोडे फुगले, थोडे पुसट झाले, ललिताचा चेहरा असा झाला की बाई ओळखीची वाटते पण नाव चटकन आठवू नये... पण ओळ! अशी ओळ मला शाळेतसुद्धा कधी मिळाली नाही. एकटाच टाळ्या वाजवल्या मी. घरात टाळ्या किती मोठ्यानं वाजतात, माहितेय?

तेवढ्यात फोन. ललिता. रोज आमचं बोलणं म्हणजे, जेवलात का, जेवलो, बाळ काय करतंय, झोपलंय, ठेवू का, ठेव. पोटात एकच गोष्ट असते, की बाई, कधी येतेस. ती काही केल्या ओठावर येत नाही. सावधान म्हणता येतं, विश्राम म्हणता येतं, "ये गं" कसं म्हणायचं ते आमच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं! पण त्या दिवशी मी असा फुललेला, म्हटलं, ललिता, जमलं बरं का! एकट्यानं जमवलं, कुणाची मदत नाही, काही नाही, सगळं कसं एकदम ओळीत!

ती म्हणाली, "खरंच जमलं ना तुमचं? बाई, जीव भांड्यात पडला माझा. मला तीच काळजी होती, की तुमचं एकट्याचं काही जमत नाही. किशोर आजच माझं तिकीट काढायला बसला होता. आता थांब म्हणते त्याला. तृप्तीला ऑफिसात बोलावलंय, बाळाकडे कुणीतरी हवंच आहे."

मी काय म्हणालो? "हो, हो, राहा की," म्हणालो. ठणठणीत आवाजात. ग्राउंडवरचा आवाज.

मग खुर्ची पुढे ओढून बसलो, त्यांच्यासमोर. जुळली हो ओळ, अगदी झकास जुळली... फक्त तिला सांगायला नको होतं.