खरबुजाची ओटी

शुद्धलेखन चुकलं असेल, शब्द साधेच असतील, आधीच माफी मागतो. नववीत शाळा सोडून झेंडूच्या वावरात शिरलो तो अजून बाहेर आलेलो नाही, म्हणून हे कागदावर लिहून आणलंय आणि कागदाकडं बघूनच वाचणार आहे, पण एक करा, 'बोटीवर मजा आली का' हे मला परत कोणी विचारू नका. मखमलाबादच्या चौकात विचारतात, फूलबाजारात विचारतात, दाढी करणारा तर वस्तरा गळ्याला लावून विचारतो. मजा? तुम्हाला सांगतो, जिथं पायाखाली जमीनच नाही तिथं कसली आलीय मजा? पण तोंडावर कसं सांगायचं... मी आपला गप्प.

झालं असं, की हर्षलदादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, कंपनीनं बक्षीस म्हणून घरच्यांसकट सहल दिली. मुंबईला मोठ्या बोटीत बसायचं, लक्षद्वीप बघायचं आणि परत यायचं. दादा, भाग्यश्रीवहिनी, आई आणि मी, साई. अण्णांनी आधीच अंग काढून घेतलं, म्हणाले, वावराला पाणी कोण देईल? हुशार माणूस. मलाही सांगायचं होतं की मला पोहता येत नाही, आमच्या गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, घाटावरसुद्धा मी शेवटच्या पायरीला जात नाही, पण तोपर्यंत वहिनीनं माझ्यासाठी फुलाफुलांची अर्धी चड्डी आणलेली. मी आपला गप्प.

जाताना कसे दिवस काढले ते सोडा. सगळे वर गच्चीवर नाचतायत आणि मी खाली कठडा धरून उभा. रोज सकाळी तिथं मालवणचा पेडणेकर नावाचा खलाशी फरशी धुवायला यायचा आणि म्हणायचा, 'भाऊ, कठडा सोडा, तो काय पळून जात नाही.' एवढा एकच माणूस माझी मराठीत चेष्टा करायचा, त्यामुळं तेवढंच बरं वाटायचं.

पण खरी भीती परतीला. वारा सुटला. दादा म्हणाला, थोडा वारा आहे. थोडा? टेबलावरचा ग्लास माझ्याकडून वहिनीकडं गेला, वहिनीकडून परत माझ्याकडं आला, आणि मधे कोणी हात लावलेला नाही! दुसऱ्या दिवशी मुंबईला उतरायचं, मी मनात म्हणतोय, एवढा एक दिवस जाऊ दे रे देवा... आणि नेमकं तेव्हाच आईला सुचलं.

आई म्हणाली, 'इतके दिस हिनं पाठीवर घेऊन फिरवलं, आता हिची ओटी न भरताच उतरायचं? बरं दिसतं का?'

हिनं म्हणजे समुद्रानं. दादा म्हणाला, समुद्र तो असतो, ओटी गंगेची भरतात. मग आपली गंगा शेवटी जाते कुठं, असं आईनं विचारलं. दादा शिकलेला, त्यानं सांगितलं की गोदावरी पार तिकडं आंध्राकडच्या समुद्राला मिळते, हा समुद्रच वेगळा. आईनं त्याच्याकडं असं बघितलं जसं ती बाजारात सुकलेल्या शेवंतीकडं बघते. 'पाणी खालून एकच हाय,' म्हणाली. दादा निघून गेला. त्याला वाटलं, विषय संपला.

विषय कसला संपतोय? हिरवी साडी, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं तिनं घरूनच बांधून आणलं होतं. म्हणजे कट जुनाच. फक्त नारळ नव्हता, तो मुंबईत बोटीवर चढताना तपासणीवाल्यांनी काढून घेतला. लक्षद्वीपला दुसरा घेतला, तोही परत चढताना काढून घेतला. मग नारळाच्या जागी काय? तर जेवणाच्या हॉलमध्ये फळं मांडलेली असायची, त्यातलं एखादं गोल खरबूज. ते कोणी आणायचं? ज्याला नाही म्हणता येत नाही त्यानं. खाली फुलाफुलांची चड्डी, वर ढगळ शर्ट, शर्टात खरबूज, आणि बोट हलतेय. वाटेत एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या पोटाकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि उठून मला बसायला जागा दिली. मी आपला गप्प.

दुपार कलली होती. बोटीच्या मागच्या अंगाला कोणी नव्हतं. आईनं खरबूज खणात गुंडाळून साडीच्या एका टोकाला गच्च बांधलं, ओटी सांडायला नको म्हणून, बाकीची साडी मोकळी ठेवली. हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटले, बराच वेळ पुटपुटली, त्यातलं शेवटचं तेवढं मला ऐकू आलं.

'बये, माझ्या साईला चार माणसांत बोलायला तोंड दे. नायतर त्याला पोरगी कोण देईल?'

आणि दिली सोडून. मी कठड्याला मिठी मारून खाली बघितलं. खरबूज पाण्यावर तरंगतंय, मागं हिरवी साडी पसरलीय, लाट आली की खाली, लाट गेली की वर... छान दिसत होतं. आई म्हणाली, घेतली बघ हिनं. आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

चहाचा घोट घेतोय तोवर भोंगा. साधासुधा नाही, एकलहऱ्याच्या वीज केंद्राचं धुराडं जर ओरडलं असतं तर असं ओरडलं असतं. कोणीतरी पाण्यात पडलंय, सगळ्यांनी जाकिटं घाला, ठरवलेल्या जागी रांगेत उभे राहा, माणसं मोजायचीत! बोट थांबली, मग वळायला लागली. पोरं रडतायत, बाया एकमेकींना हाका मारतायत, मी परत कठडा धरलेला. आई माझ्या शेजारी, नऊवारीवर नारंगी जाकीट, हात जोडलेले.

पुढच्या रांगेतून बातम्या मागं येत होत्या. कोणीतरी वरच्या बाल्कनीतून बघितलं म्हणे. बाई आहे म्हणे. डोकं वरखाली होतंय म्हणे. मग बातमी आली, हिरव्या साडीतली आहे. आईनं डोळ्याला पदर लावला. म्हणाली, कुणाची तरी सवाशीण गेली रे. आणि तिथल्या तिथं नवस बोलली, ती बाई वाचू दे, आणखी एक ओटी भरीन.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात खरबूज फुटलं.

आता सांगायचं कोणाला? दादाला ओटी भरल्याचा पत्ताच नाही, तो वहिनीच्या जाकिटाचे पट्टे आवळत होता. आणि सांगितलं तर आईला काय करतील? बोटीतच कोंडतील? मुंबईला उतरल्या उतरल्या पोलिसांच्या ताब्यात देतील? तिनं उभ्या जन्मात पोलीस चौकीची पायरी बघितलेली नाही. म्हटलं, माणसं मोजतायतच, सगळी भरली की आपोआप कळेल, आपण कशाला... मी आपला गप्प.

मग मी खाली बघितलं. छोटी होडी दोरांवरून पाण्यात सोडत होते. लाट आली की होडी बोटीच्या अंगावर आपटायची, आतली माणसं एकमेकांवर पडायची. त्यात पुढं, डोक्याला हेल्मेट, दोन्ही हातांनी दोर धरलेला पेडणेकर. रोज मला म्हणायचा कठडा सोडा, आणि आता स्वतः जीव मुठीत धरून निघालाय. कशासाठी? खरबुजासाठी.

माझे पाय मला न विचारता निघाले. कठडा सुटला. पांढऱ्या कपड्यातले साहेब हातात माईक घेऊन उभे होते, त्यांच्या पुढ्यात गेलो, तोंड उघडलं... आवाज नाही. परत उघडलं. नाही. साहेब मला हातानं बाजूला सारायला लागले, तसा मी माईकच धरला आणि म्हणालो,

'साहेब, वो औरत नहीं है. वो खरबूज है.'

मला काय माहीत माईक चालू आहे? तुम्हाला सांगतो, गच्चीपासून इंजिनापर्यंत, स्वयंपाकघरापासून कप्तानाच्या खोलीपर्यंत, सगळीकडून माझा आवाज परत माझ्याच कानावर आला. सगळी बोट चूप. नुसता वारा. आणि त्या शांततेत मागून आईचा आवाज आला, 'म्हंजी ती बाई आपलीच व्हय?'

मग पुढं सगळं सांगितलं, साडी, खण, आई, गंगा, आंध्रा, हिंदीत जमेल तसं. माणसंही मोजून झाली, सगळी भरली. होडी वर ओढली. पेडणेकर नखशिखांत भिजलेला, दात वाजतायत, मला वाटलं आता कानाखाली देतो. तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, 'भाऊ, कठडा सोडलात की.'

कप्तान दादाशी इंग्रजीत बराच वेळ बोलले. दादाची नुसती मान खाली जात होती. आईला कठड्याजवळ जायची बंदी झाली, खोलीच्या दाराशी एक माणूस बसवला. उतरेपर्यंत आई त्याला चिवडा खाऊ घालत होती.

मुंबईहून गाडीत बसलो. कसारा घाट चढलो तेव्हा आई म्हणाली, 'साई, तू बोललास की रे. चार माणसांत मागितलं होतं, तिनं सगळ्या बोटीपुढं बोलतं केलं.' आणि तिचे डोळे भरून आले. मग नाक पुसून म्हणाली, आता दोन ओट्या फेडायच्या, एक तुझी, मागतानाच कबूल केलेली, एक त्या बाईची.

कोणती बाई, आई? ते खरबूज होतं! तर म्हणते, वाचली ना पण? कुणी बुडालं का? नाय ना? मग. दादा पुढून म्हणाला, दोन्ही गंगेवर भरू, पाणी खालून एकच आहे ना? आई म्हणाली, जिथं बोलले तिथंच फेडायचं, अन् तू मला शिकवू नको. आणि माझ्याकडं वळून म्हणाली, पुढच्या वर्षी झेंडू निघाला की जाऊ, तू बरोबर पाहिजेस, समोरच्याला सांगता येतं तुला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, ती फुलाफुलांची चड्डी पिशवीत घातली आणि तरणतलावावर जाऊन नाव घातलं. तिथल्या सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, या वयात पोहायला का शिकायचंय?

मी आपला गप्प.